यात फायनलच नसते, आत्या

१५ ऑगस्ट २०२५ ची रात्र. सकाळचं झेंडावंदन, दुपारची झोप, संध्याकाळी फुटाळा तलावावर एक फेरा, सगळं उरकून दादाचे पाच मित्र आमच्या हॉलमध्ये सतरंजीवर दाटीवाटीने बसले होते. पंखा पाचवर होता तरी उकडत होतं. टीव्हीवर लिव्हरपूलचं अ‍ॅनफिल्ड मैदान. इंग्लिश प्रीमियर लीगच्या नव्या हंगामाचा पहिला सामना, लिव्हरपूल विरुद्ध बोर्नमथ. तिकडे संध्याकाळचे आठ वाजले होते, नागपुरात रात्रीचे साडेबारा.

राखीला आलेली आत्या अजून आमच्याकडेच होती. आयपीएल ती पहिल्या सामन्यापासून शेवटच्यापर्यंत बघते, पण फुटबॉल तिने असा बसून कधी पाहिला नव्हता. पोरांचा गलका ऐकून झोप लागेना, तेव्हा उठून खुर्चीत येऊन बसली. पाचेक मिनिटं पाहिलं आणि विचारलं, "फायनल कधी आहे वं याची?"

आमच्याकडच्या पाचांत एक लिव्हरपूलवाला, एक आर्सेनलवाला, एक चेल्सीवाला आणि दोन मँचेस्टर युनायटेडवाले. एरवी कशावरही एकमत होत नाही, पण या प्रश्नावर सगळे एका सुरात म्हणाले, "आत्या, यात फायनल नसते."

"नसते? मंग हे कायले खेळून राहिले?"

तेवढ्यात बॉल बोर्नमथच्या गोलजवळ गेला आणि उत्तर राहूनच गेलं. पण मला तो प्रश्न फार मोलाचा वाटतो. आपण क्रिकेटच्या घरात वाढलेली माणसं. साखळी, मग प्लेऑफ, मग फायनल, मग फटाके, हा क्रम आपल्या अंगात मुरलेला. फुटबॉलची लीग त्या क्रमाने चालतच नाही. ही एक गोष्ट नीट कळली की ऑगस्टमध्ये ही पोरं इतकी का भांडतात, मेमध्ये सतराव्या नंबरचा संघ जिंकल्यासारखा का नाचतो, हे आपोआप उलगडतं.

सुरुवात १८८८ पासून करावी लागेल. इंग्लंडमध्ये त्याआधी एफए कप होता, १८७१-७२ पासून. तो बाद पद्धतीचा: हरलात की घरी. १८८५ मध्ये खेळाडूंना उघडपणे पैसे द्यायला परवानगी मिळाली आणि क्लबांच्या मागे दर आठवड्याच्या पगाराचं ओझं लागलं. आता पगार ठरलेला, पण उत्पन्न कुठे ठरलेलं होतं? कपमधून लवकर बाहेर पडलं की उरायचे मैत्रीचे सामने. ते ऐन वेळी रद्द व्हायचे, कारण समोरच्या संघाला कपचा सामना लागायचा. लोक मैदानावर येऊन परत जायचे. बर्मिंगहॅममध्ये विल्यम मॅकग्रेगर नावाच्या गृहस्थाचं कापडाचं दुकान होतं आणि अ‍ॅस्टन व्हिला क्लबचा कारभारही तो पाहायचा. त्याने मार्च १८८८ मध्ये इतर क्लबांना पत्र लिहिलं: आपण मोजके क्लब एकत्र येऊ, दरवर्षी एकमेकांशी घरच्या आणि बाहेरच्या मैदानावर खेळायचं नक्की ठरवू आणि तारखा मोडायच्या नाहीत. सप्टेंबरमध्ये १२ क्लबांची फुटबॉल लीग सुरू झाली. पहिल्याच वर्षी प्रेस्टन नॉर्थ एंड २२ सामन्यांत एकदाही न हरता विजेता ठरला.

इतवारीतल्या कुठल्याही दुकानदाराला मॅकग्रेगरचं म्हणणं लगेच पटेल. जत्रेच्या दिवशी गल्ला भरतो, पण दुकान चालतं रोजच्या गिऱ्हाइकावर. कप म्हणजे जत्रा, लीग म्हणजे रोजचं गिऱ्हाईक. म्हणूनच लीगमध्ये शेवटचा मोठा दिवस मुद्दाम ठेवलेला नाही. ऑगस्टमधल्या सामन्याचे तीन गुण आणि मेमधल्या सामन्याचे तीन गुण सारख्याच वजनाचे.

त्या रात्री विसाव्या मिनिटाला अख्खं अ‍ॅनफिल्ड उभं राहून टाळ्या वाजवू लागलं. गोल झाला नव्हता, काहीच झालं नव्हतं. आत्याने माझ्याकडे पाहिलं. लिव्हरपूलच्या डियोगो जोटाचा शर्ट २० नंबरचा. ३ जुलैला स्पेनमध्ये मोटार अपघातात तो आणि त्याचा भाऊ दोघंही गेले. हंगामाच्या पहिल्या दिवशी लोक त्याची आठवण काढत होते. मी हे सांगितलं तशी आत्याने खुर्चीतल्या खुर्चीत हात जोडले. आमचा लिव्हरपूलवाला मान खाली घालून बसला होता. बाकीच्या चौघांनीही टाळ्या वाजवल्या, दोन्ही युनायटेडवाल्यांनी सुद्धा.

सामना ४-२ असा लिव्हरपूलने घेतला. मध्ये २-० वरून २-२ झालं, मग शेवटच्या काही मिनिटांत दोन गोल. झोपायला अडीच वाजले. आत्या शेवटपर्यंत जागी होती.

सकाळी कोपऱ्यावरच्या ठेल्यावरून तर्री पोहे आले आणि बोलणं टेबलावर गेलं. टेबल म्हणजे गुणतक्ता. लिव्हरपूलवाल्याने मोबाइल पुढे धरला, "पाहा आत्या, आपण एक नंबर." आत्या म्हणाली, "बाकीच्यांची तर मॅचच नाई झाली ना अजून?" मग मी तिला ओट्याजवळ नेलं आणि मसाल्याचा डबा उघडला.

वीस संघांना एकमेकांशी खेळवायचं म्हणजे वेळापत्रक कसं लावायचं, हे सहा वाट्यांवर छान दिसतं. वरच्या ओळीत तीन वाट्या: मीठ, हळद, तिखट. खालच्या ओळीत त्यांच्यासमोर तीन: जिरे, मोहरी, धने. समोरासमोरच्या वाट्यांचा सामना. पहिल्या आठवड्यात मीठ आणि जिरे, हळद आणि मोहरी, तिखट आणि धने. आता मिठाची वाटी जागची हलवायची नाही. उरलेल्या पाच घड्याळाच्या काट्याप्रमाणे एकेक घर पुढे सरकवायच्या. जिरे वर येतं, हळद तिखटाच्या जागी जाते, तिखट खाली उतरतं, धने आणि मोहरी एकेक घर सरकतात. दुसऱ्या आठवड्यात मीठ आणि मोहरी, जिरे आणि धने, हळद आणि तिखट. असे पाच आठवडे झाले की प्रत्येक वाटी प्रत्येकीसमोर बरोबर एकदा येते. कुणी सुटत नाही, कुणी दोनदा येत नाही. आत्याने स्वतः फिरवून पाहिलं. तिसऱ्या फेरीत जिऱ्यासमोर हळद आली तेव्हा तिने बोटावर मोजून खात्री केली.

वीस वाट्या घेतल्या तर १९ फेऱ्या लागतात, प्रत्येक फेरीत १० सामने, म्हणजे १९०. मग तेच सामने मैदान बदलून पुन्हा: एकदा तुझ्या घरी, एकदा माझ्या घरी. प्रत्येक संघाचे ३८, सगळे मिळून ३८०. प्रत्यक्षात हे काम संगणकावर होतं, कारण अटी पुष्कळ. कोणत्याही संघाला सलग तीन सामने घरी किंवा सलग तीन बाहेर नकोत. कुठलेही पाच सामने घेतले तर घर आणि बाहेर यांची वाटणी तीन-दोन अशी असावी. लिव्हरपूल आणि एव्हर्टन एकाच शहरातले, मँचेस्टरचे दोन्ही क्लबही तसेच, तेव्हा दोघांचे घरचे सामने एकाच दिवशी नकोत, नाहीतर पोलीस आणि रेल्वे दोन्हीकडे कुठून पुरणार? जूनमध्ये वेळापत्रक जाहीर होतं आणि त्याच दिवशी आमच्या ग्रुपवर पहिलं भांडण लागतं: "तुम्हाला पहिले पाच सोपे आले बे!" हे भांडण पोकळ नाही. ३८ सामन्यांनंतर सगळ्यांनी सगळ्यांशी खेळून झालेलं असतं, वाटणी सारखी होते. पण पाच सामन्यांनंतर ती सारखी नसते. एकाने वरच्या पाचांशी झुंज दिलेली असते, दुसऱ्याने खालच्या पाचांशी. तरीही टेबल दोघांना एकाच ओळीत मांडतं.

गुणांचं गणित सोपं आहे. विजयाला तीन, बरोबरीला एक, पराभवाला शून्य. पण हे नेहमी असं नव्हतं. इंग्लंडमध्ये १९८१ पर्यंत विजयाला दोनच गुण होते. तेव्हा दोन बरोबऱ्या म्हणजे एक विजय, त्यामुळे बाहेरच्या मैदानावर जाऊन सगळ्यांनी गोलसमोर भिंत बांधायची आणि एक गुण घेऊन घरी यायचं हा व्यवहार फायद्याचा होता. तीन गुण झाल्यावर एक जिंकून एक हरणारा दोन बरोबऱ्या करणाऱ्याच्या पुढे जाऊ लागला. धोका पत्करणाऱ्याला मोबदला मिळाला. १९९४ च्या विश्वचषकातही हाच नियम आला. एका आकड्याने खेळण्याची वृत्ती कशी बदलते, याचं इतकं स्वच्छ उदाहरण मला खेळात दुसरं माहीत नाही.

गुण सारखे झाले तर? प्रीमियर लीगमध्ये गोलफरक पाहतात: केलेले गोल वजा खाल्लेले गोल. तोही सारखा निघाला तर केलेले गोल. स्पेनच्या ला लीगामध्ये मात्र आधी त्या दोन संघांच्या आपसातल्या सामन्यांचा निकाल पाहतात. कागदावर रुक्ष वाटणाऱ्या या ओळींनी दोनदा श्वास रोखून धरायला लावला आहे. २६ मे १९८९ ला आर्सेनलला लिव्हरपूलच्या मैदानावर दोन गोलांच्या फरकाने जिंकायचं होतं. नव्वद मिनिटांनंतरच्या भरपाईच्या वेळेत मायकेल थॉमसने दुसरा गोल केला, २-०. गुण सारखे, गोलफरकही सारखा, केलेले गोल आर्सेनलचे जास्त. विजेतेपद आर्सेनलचं.

दुसरा दिवस १३ मे २०१२. मँचेस्टर सिटी आणि मँचेस्टर युनायटेड यांचे गुण शेवटच्या दिवशी सारखे होते, गोलफरक सिटीचा चांगला. म्हणजे सिटीने फक्त जिंकायचं होतं. समोर क्वीन्स पार्क रेंजर्स, तेही दहा खेळाडूंवर आलेले. नव्वद मिनिटं झाली तेव्हा सिटी १-२ मागे होती. भरपाईच्या वेळेत आधी एडिन झेकोचा गोल आणि मग ९४ व्या मिनिटाला सर्जिओ अग्वेरोचा. दोघांचे ८९ गुण, गोलफरक ६४ विरुद्ध ५६. आमच्या युनायटेडवाल्यांपैकी एक जण तो दिवस अजूनही सांगत नाही, विषय बदलतो. पण त्या सामन्यात आणखी एक गोष्ट होती जी कमी लोकांच्या लक्षात राहते. हरलेल्या क्वीन्स पार्क रेंजर्सचे लोकही त्या दिवशी आनंदात होते, कारण दुसरीकडे बोल्टनला बरोबरीच साधता आली आणि त्यामुळे रेंजर्स लीगमध्ये टिकले. एकाच मैदानावर एक संघ पहिल्या नंबरासाठी खेळत होता, दुसरा सतराव्या.

सतराव्या नंबराचं इतकं काय? इथे आपण लीगच्या गाभ्यापाशी येतो.

प्रीमियर लीगच्या एका टेबलात खरं तर तीन टेबलं आहेत. वरचं विजेतेपदाचं. त्याला लागून युरोपच्या स्पर्धांचं: पहिले चार संघ पुढच्या वर्षी चॅम्पियन्स लीगमध्ये जातात, इंग्लिश क्लबांनी युरोपात चांगली कामगिरी केली असेल तर पाचवाही, त्याखालच्यांना दुय्यम स्पर्धा. आणि तळाचं टेबल: १८, १९, २० या नंबरांवरचे तीन संघ खालच्या डिव्हिजनमध्ये जातात आणि तिथून तीन संघ वर येतात. त्या खालच्या डिव्हिजनचं नाव चॅम्पियनशिप. तिच्यात २४ संघ, प्रत्येकी ४६ सामने. पहिले दोन थेट वर, त्याखालच्या काही संघांत प्लेऑफ, त्याची फायनल लंडनच्या वेम्बली मैदानावर. म्हणजे आत्याची फायनल आहे, पण ती पहिल्या नंबरासाठी नाही, लीगच्या दारातून आत येण्यासाठी आहे.

आयपीएलमध्ये शेवटचा आलेला संघ पुढच्या वर्षी त्याच कपड्यांत, त्याच मैदानावर, त्याच जाहिरातींसह परत येतो. एप्रिलमध्ये तो बाहेर पडला की त्याच्या उरलेल्या सामन्यांना फारसा अर्थ उरत नाही. इथे उलट. खाली गेलं की टीव्हीचे पैसे आटतात, करारांतले पगार डोक्यावर राहतात, चांगले खेळाडू विकावे लागतात. एकदम कोसळू नये म्हणून लीग खाली गेलेल्या क्लबांना जास्तीत जास्त तीन वर्षं काही रक्कम देते. तिला पॅराशूट पेमेंट म्हणतात, आणि नावच सगळं सांगतं: पडणार तर आहातच, जरा हळू पडा. मैदानाबाहेरचा चहावाला, तिकीटखिडकीवरची मुलगी, शनिवारी बस भरून येणारे म्हातारे, सगळ्यांचं वर्ष त्या सतराव्या नंबरावर टांगलेलं असतं. त्यामुळे मे महिन्यात तळाच्या दोन संघांचा सामना लागला तर मी तो आधी पाहते, पहिल्या नंबराचा नंतर.

संडरलँडची गोष्ट आत्याला मी पूर्ण सांगितली. इंग्लंडच्या ईशान्येला, एके काळी जहाजं बांधणारं आणि कोळसा काढणारं शहर. २०१६-१७ मध्ये क्लब प्रीमियर लीगमध्ये तळाला राहून खाली गेला. पुढच्याच वर्षी चॅम्पियनशिपमधूनही खाली. तिसऱ्या पायरीवर चार वर्षं. लोक मात्र मैदानावर येत राहिले. २०२२ मध्ये एक पायरी वर. आणि २४ मे २०२५ ला वेम्बलीवर प्लेऑफच्या फायनलमध्ये शेफील्ड युनायटेडविरुद्ध ९५ व्या मिनिटाला टॉम वॉटसन नावाच्या एकोणीस वर्षांच्या पोराने गोल केला, २-१. आठ वर्षांनी संडरलँड वर आलं.

"आणि आता पुन्हा खाली ढकलतील?" आत्याने विचारलं. ही भीती खोटी नव्हती. २०२३-२४ मध्ये नव्याने वर आलेले तिन्ही संघ, ल्यूटन, बर्नली आणि शेफील्ड युनायटेड, त्याच वर्षी परत खाली गेले. २०२४-२५ मध्ये पुन्हा तेच: लेस्टर, इप्सविच, साउदम्प्टन. सलग दोन वर्षं तिन्हीच्या तिन्ही. जुने चाहते म्हणायचे की ४० गुण झाले की वाचलो. तो ठोकताळा कधीच पक्का नव्हता, २००२-०३ मध्ये वेस्ट हॅम ४२ गुण मिळवूनही खाली गेला होता. पण आता गणित दुसऱ्या टोकाला गेलंय. २०२३-२४ मध्ये अठराव्या नंबरावरच्या ल्यूटनचे २६ गुण होते, पुढच्या वर्षी लेस्टरचे २५. म्हणजे खालच्या आणि वरच्या डिव्हिजनमधली पैशाची दरी इतकी वाढली आहे की वर येणाऱ्याला पाय रोवायलाच जागा मिळत नाही. मला ही आजच्या लीगची सगळ्यात गंभीर गोष्ट वाटते. दार उघडं आहे असं म्हणायचं आणि आत उंबरठा कमरेएवढा करून ठेवायचा.

या सगळ्यात एक गुंता आहे, त्यावरून चेल्सीवाल्याने आत्याला चक्रावून टाकलं. २०२४-२५ मध्ये टॉटनहॅम लीगमध्ये सतरावा आला, ३८ गुण. त्याच वर्षी त्याने युरोपा लीग ही युरोपातली दुय्यम स्पर्धा जिंकली, बिल्बाओला झालेल्या फायनलमध्ये मँचेस्टर युनायटेडला १-० ने हरवून. युरोपा लीगच्या विजेत्याला पुढच्या वर्षीच्या चॅम्पियन्स लीगमध्ये जागा असते. झालं, इंग्लंडचा सतरावा संघ युरोपच्या सगळ्यात मोठ्या स्पर्धेत. याचं कारण एवढंच की क्लब एकाच वेळी लीग आणि दोन-तीन कप खेळत असतात आणि प्रत्येकाचा हिशेब वेगळा. एका वहीतली बाकी दुसऱ्या वहीत जात नाही.

आता ऑगस्टच्या टेबलाकडे परत. पहिल्या काही आठवड्यांत ते वाचताना जपून का राहायचं?

एक कारण वेळापत्रकाचं, ते वर आलंच. दुसरं कारण खुद्द खेळाचं. फुटबॉलमध्ये एका सामन्यात दोन्ही संघांचे मिळून सरासरी तीनच्या आसपास गोल होतात. क्रिकेटमध्ये एका चेंडूचा नशिबाचा भाग पुढच्या दीडशे-दोनशे चेंडूंत विरून जातो. फुटबॉलमध्ये खांबाला लागलेला एक बॉल आत गेला की बाहेर, यावर अख्खा निकाल फिरतो. चांगला संघ वाईट संघाशी हरणं इथे सहज घडतं. नशीब आणि दर्जा वेगळे व्हायला बरेच सामने लागतात, म्हणून तर ३८.

२००८-०९ चा हंगाम यासाठी पाठ करून ठेवावा असा आहे. हल सिटी हा क्लब इतिहासात प्रथमच सर्वोच्च डिव्हिजनमध्ये आला होता. पहिल्या ९ सामन्यांत ६ विजय, २० गुण, विजेतेपदाच्या दावेदारांच्या बरोबरीने. त्याच वेळी टॉटनहॅमचे पहिल्या ८ सामन्यांत २ गुण, तळाला. टॉटनहॅमने प्रशिक्षक बदलला, हॅरी रेडनॅप आला. मे उजाडला तेव्हा टॉटनहॅम आठवा होता. हल सतरावा, ३५ गुण, म्हणजे उरलेल्या २९ सामन्यांत अवघे १५. खाली गेलेल्या न्यूकॅसलपेक्षा एकच गुण जास्त. ऑक्टोबरमधल्या त्या २० गुणांनीच हल वाचला. म्हणून सुरुवातीचं टेबल खोटं असतं असं मी म्हणणार नाही. ते गुण खरेच असतात, बँकेत जमा असतात. फक्त त्यावरून मेचा अंदाज बांधता येत नाही.

तिसरं कारण, हंगाम सुरू होतो तेव्हा संघच पक्के नसतात. खेळाडूंच्या खरेदी-विक्रीची खिडकी पहिल्या सामन्यानंतर दोन-तीन आठवडे उघडी राहते. २०२५ मध्ये ती १ सप्टेंबरला बंद झाली. न्यूकॅसलचा अलेक्झांडर इसाक लिव्हरपूलला जायचं म्हणून हटून बसला आणि ऑगस्टभर न्यूकॅसलकडून उतरलाच नाही. पहिल्या दिवशी न्यूकॅसल त्याच्याशिवाय अ‍ॅस्टन व्हिलाशी ०-०. २५ ऑगस्टला न्यूकॅसलच्याच मैदानावर लिव्हरपूल आला आणि सोळा वर्षांच्या रिओ एन्गुमोहाने शंभराव्या मिनिटाला गोल करून सामना ३-२ ने काढला. आठवड्याभरात, खिडकी बंद होण्याच्या दिवशी, इसाक १२.५ कोटी पौंडांना लिव्हरपूलचा झाला. त्या आठवड्यात न्यूकॅसलच्या चाहत्यांच्या मनाचं काय झालं असेल, याचा विचार केला तरी कळवळायला होतं. इंग्लंडने २०१८ आणि २०१९ मध्ये हंगामाआधीच खिडकी बंद करून पाहिली होती. पण बाकी युरोपची खिडकी उघडीच राहायची, त्यांना आपले खेळाडू नेता यायचे आणि आपल्याला बदली माणूस घेता यायचा नाही, म्हणून ती पद्धत सोडावी लागली.

आणि लिव्हरपूल? त्याने लीगचे पहिले पाचही सामने जिंकले. आमचा लिव्हरपूलवाला सप्टेंबरभर हवेत होता. त्यानंतर सलग चार पराभव. युनायटेडवाल्यांचं रडगाणं तर पहिल्याच रविवारी सुरू झालं होतं, घरच्या मैदानावर आर्सेनलकडून ०-१. त्याच्या पुढच्या शनिवारी तान्हा पोळा होता, मारबतीच्या पुतळ्यांची मिरवणूक निघाली. दरवर्षीप्रमाणे सगळे सकाळी महाल भागाकडे गेले. पिवळ्या मारबतीपुढे गर्दी महागाई, रोगराई, इडापिडा घेऊन जायला सांगत होती, आणि आमचे दोघे जीव तोडून ओरडत होते, "युनायटेडची साडेसाती घेऊन जा गे मारबत!"

नागपूरहून लीग पाहणाऱ्याला घड्याळाचंही एक गणित ठेवावं लागतं. ऑगस्टमध्ये तिकडचे दुपारचे तीन म्हणजे आपले साडेसात. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी ते घड्याळ एक तास मागे घेतात, मग तोच सामना साडेआठला. या तीनच्या सामन्यांबद्दल एक अजब गोष्ट आहे. इंग्लंडमध्ये शनिवारी दुपारी पावणेतीन ते सव्वापाच या वेळात फुटबॉल टीव्हीवर थेट दाखवत नाहीत. गावोगावच्या छोट्या क्लबांचे सामने त्याच वेळी असतात. घरी बसून मोठा सामना दिसला तर त्या छोट्या मैदानांवर कोण जाईल, या विचाराने अनेक दशकं ही बंदी पाळली जाते. ती फक्त तिथल्यापुरती. म्हणजे सामना लंडनच्या माणसाला घरी दिसत नाही, पण धंतोलीत दिसतो.

हे ऐकून आत्या एकदम कामठीत गेली. आमचं मूळ घर कामठीचं. "रब्बानीच्या मॅचला बाबा सायकलवर जायचे, दादाले पुढच्या दांड्यावर बसवून," ती म्हणाली. "मले नाई न्यायचे. मी परत आल्यावर विचारायची, कोण जिंकलं." कामठीच्या रब्बानी क्लबचं नाव नागपूरच्या फुटबॉलमध्ये आजही आदराने घेतात, आणि जिल्ह्याच्या लीगमध्येही वेगवेगळ्या डिव्हिजन आहेत. पायऱ्यांची ही कल्पना आपल्याला परकी नाही, फक्त ती टीव्हीवर दिसत नाही. त्याच ऑगस्टमध्ये देशाच्या आयएसएल या फुटबॉल लीगचं काय चाललं होतं, हे सांगताना मात्र मला वाईट वाटलं. अखिल भारतीय फुटबॉल महासंघ आणि लीग चालवणारी कंपनी यांच्यातला करार डिसेंबर २०२५ ला संपत होता, नवा ठरला नव्हता, म्हणून जुलैमध्येच हंगाम थांबवला गेला. खेळाडू, माळी, बसचालक, सगळे तारखेची वाट पाहत होते. मॅकग्रेगरने १८८८ मध्ये मागितलेली गोष्ट हीच तर होती, मोडणार नाहीत अशा तारखा.

त्या शनिवारी, १६ ऑगस्टला, दहीहंडी होती. संध्याकाळी रस्त्यावरून डीजे वाजत चालले होते, खिडक्यांची तावदानं थरथरत होती. दिवा लावून आत्या टीव्हीसमोर येऊन बसली. साडेसातला संडरलँड विरुद्ध वेस्ट हॅम, तिकडे दुपारी तीनचा, तिकडच्या टीव्हीवर बंद असलेला. पोरं अजून यायची होती. आम्ही दोघीच. मध्यंतराला ०-०. आत्याने आतून वाटीभर शेंगदाणे आणले आणि सोलत बसली. ६१ व्या मिनिटाला संडरलँडच्या मयेंडाने डोक्याने मारलेला बॉल आत गेला आणि शेंगदाण्याची टरफलं सतरंजीभर झाली. मग दुसरा. मग भरपाईच्या वेळेत तिसरा. कॅमेऱ्याने प्रेक्षकांत एक म्हातारा गृहस्थ दाखवला, लाल-पांढऱ्या पट्ट्यांचा शर्ट, दोन्ही हात डोक्यावर, डोळे भरलेले.

"आता किती राहिल्या यांच्या?" आत्याने विचारलं.

"सदतीस."

तिने टरफलं गोळा करायला घेतली. "पुढची कधी आहे ते लिहून दे मले कागदावर," ती म्हणाली. "वर्ध्याला गेल्यावर कोण सांगन?"